खूप दिवसांनी बैठका मारल्या, आता जिना उतरता येत नाही. व्यायाम थांबवू की तसाच रेटू?

थांबवूही नका आणि रेटूही नका. बैठका तेवढ्या काही दिवस बाजूला ठेवा, बाकी हिंडतं-फिरतं राहा.

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांच्या खंडानंतर परवा एकदम शंभर बैठका मारल्या, काल मांड्या भरून आल्या आणि आज तर कठडा धरल्याशिवाय पायरी उतरवत नाही. मी तालमीत पोरांना व्यायाम शिकवतो, तिथे परीक्षा संपल्या की दर वर्षी हेच दिसतं. आल्या दिवशी पोरं जुना आकडा गाठायला बघतात. त्या रात्री मजेत असतात. दोन दिवसांनी मात्र कट्ट्यावर बसायचं तर दोन्ही हात टेकून, दात-ओठ खात अंग खाली सोडतात.

यात गंमत अशी की जिना चढताना तितकं दुखत नाही, उतरतानाच जीव जातो. बैठकीत खाली जाताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतात. सवय मोडलेल्या स्नायूला हे झेपत नाही, तंतूंना बारीक इजा होते आणि मग हळूहळू सूज येते. म्हणून दुखणं उशिरा सुरू होतं आणि साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. सिंहगडावर खूप दिवसांनी गेलेल्या माणसाचे पायही चढण्यापेक्षा उतरण्यानेच जास्त धरतात. व्यायामात तयार होणारं लॅक्टिक ॲसिड स्नायूत साचून दुखतं वगैरे जे सांगितलं जातं त्यात तथ्य नाही, ते व्यायाम संपल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं. दुखण्याचं मूळ स्नायूतल्या इजेत आहे हे थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने 1902 सालीच मांडलं होतं, तरी व्यायामशाळांतून ॲसिडची गोष्ट काही जात नाही.

आता करायचं काय? सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं आरामात चाला. पहिली पाच मिनिटं नको वाटेल, मग पाय मोकळे होतात. गरम पाण्याने अंघोळ, हलक्या हाताने तेल, याने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. कुणाला मांड्यांवर पाय देऊन तुडवायला मात्र लावू नका. ओढून-ताणून स्ट्रेचिंग केल्यानेही या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. हात-खांदे ठीक असतील तर थोडे जोर खुशाल मारा.

वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा व्यायामाला उतरायचा विचार असेल तर तो सोडा. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

आणि हे नीट वाचा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून टणक झाल्या किंवा पायात उभं राहायचंही बळ उरलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडले की त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खंडानंतर एकदम शेकड्याने बैठका मारणाऱ्यांना हा धोका खरोखर असतो. एकाच पायात, एकाच जागी किंवा गुडघ्याच्या सांध्यात कळ येत असेल, तर तेही वेगळं प्रकरण आहे, डॉक्टरांना दाखवा.

हे काही नसेल तर निर्धास्त राहा. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच व्यायामाने स्नायू इतके दुखत नाहीत. हे संरक्षण थोडक्या व्यायामानेही बऱ्यापैकी मिळतं, त्यासाठी पहिल्याच दिवशी शंभरी गाठायची गरज नसते. दुखल्याशिवाय अंग बनत नाही असं म्हणणारे आमच्याकडेही आहेत, मी पोरांना ते ऐकू देत नाही.

कठडा न धरता जिना उतरता आला की पंधरा-पंधरा बैठकांच्या दोन फेऱ्या मारा, त्याही सावकाश. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मांड्या नुसत्या जड वाटल्या तर पुढच्या खेपेला पाच-पाच वाढवा, चांगल्याच दुखल्या तर आठवडाभर तिथेच थांबा.