चघळून न संपणारी गोळी

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून जॉब्रेकर आणला आहे, चांगल्या मोठ्या लिंबाएवढी रंगीत गोळी. मुलं आठवडाभर चाटताहेत, तरी संपत नाही. ही इतकी टणक कशी? घरी करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लिमलेटसाठी पाक 150 अंश सेल्सियसच्या आसपास आटवून साच्यात घालतात. तो काचेसारखा गोठतो, म्हणून दाताखाली तडकतो. जॉब्रेकरला साचा नसतो. तिरप्या, फिरत्या कढईत साखरेचे दाणे घेऊन खालून आच देतात आणि वरून थोडा थोडा पाक सोडतात. पाणी उडालं की दाण्यावर बारीक स्फटिकांचा थर बसतो. मग पुन्हा पाक. मोठी गोळी व्हायला दोन-दोन आठवडे लागतात. शेवटी खायच्या मेणाने चकाकी आणतात. आत पोकळी नाही की मऊ गाभा नाही, म्हणून ती फुटत नाही.

ही कला आपल्याकडेही आहे : संक्रांतीचा काटेरी हलवा. 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी, थोडं दूध घालून मळी काढा आणि एकतारी पाक करा. परातीत 2 चमचे तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवून अर्धा-अर्धा चमचा पाक घाला, बोटांनी हलवत राहा. थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा पाक नको. घाई केली की दाणे चिकटून गठ्ठे होतात. परातीत हात हलका असतो, म्हणून काटे टिकतात. कढईत गोळ्या एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात. लिंबाएवढी गोळी मात्र घरी होणार नाही, तेवढा वेळ सतत फिरवणं हाताला शक्य नाही.

मजा थरांतच आहे. रंग बदलला की पुढचा कुठला, ही उत्सुकता राहते. व्यास दुप्पट झाला तर साखर आठपट होते. 5 सेंटिमीटरच्या गोळीत ती सुमारे 100 ग्रॅम भरते. म्हणून दिवसाला पाच-दहा मिनिटं पुरे, नंतर चूळ भरायला लावा. दिवसभर चाटत बसलं की दातांवरचं आम्ल कमीच होत नाही. चावायला तर अजिबात देऊ नका, दात तुटतो. झिजून घशात अडकण्याएवढी झाली की लहानांकडून काढून घ्या.

उरलेली गोळी वाळवून कोरड्या डब्यात ठेवा. फ्रिजमधून काढली की तिला पाणी सुटतं. मऊ करायला मायक्रोवेव्हमध्ये कधीही घालू नका : आतली साखर वितळते, वरचं कवच टणकच राहतं, आणि गोळी फुटून उकळता पाक अंगावर उडतो.