भेजा आणायला निघण्याआधी

लेकरा, बकऱ्याच्या मेंदूतून निकोटिनचा रिसेप्टर (निकोटिन जिथे चिकटतं ते प्रथिन) वेगळा काढायचा तुझा आराखडा वाचला. कॉलमची (रिसेप्टर पकडून ठेवणाऱ्या भरलेल्या नळीची) काळजी नंतर कर, आधी बर्फाची कर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, म्हणून खाटकाकडून बकऱ्याचा ताजा भेजा आणताना थर्मास बर्फाने गच्च भरलेला हवा. लातूरला माझी पहिली खेप अशीच वाया गेली. रात्री वीज गेली, कोल्ड रूम तापली, सकाळी बाइंडिंग, म्हणजे रिसेप्टरची चिकटवून धरण्याची ताकद, जवळपास शून्य. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

पीएमएसएफ, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स रोखणारं रसायन, पाण्यात टिकत नाही. ते आयसोप्रोपेनॉलमध्ये साठव आणि भेजा वाटायच्या अगदी आधी बफरमध्ये टाक. पेशींचं पटल धुऊन ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने त्यातला रिसेप्टर सोडव, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) तासभर फिरव. तळाशी न बसता वर राहिलं तेवढंच विरघळलं असं धर. हे द्रावण साध्या फिल्टरवर मोजू नकोस, विरघळलेला रिसेप्टर त्यातून निसटतो. काचतंतूंचा फिल्टर आधी पॉलिएथिलीनइमिनमध्ये भिजव, म्हणजे रिसेप्टर त्याला चिकटून राहील.

आता तुझी खरी चूक. तू बंगारोटॉक्सिनचा, म्हणजे मण्यार सापाच्या विषाचा, कॉलम लावतोयस. टॉर्पेडो माशाच्या विद्युत-अवयवासाठी तो उत्तम, पण मेंदूत निकोटिनला घट्ट धरणारा मुख्य रिसेप्टर अल्फा४-बीटा२ आहे, आणि तो या विषाला चिकटत नाही. तुझ्या हाती अल्फा७ हा दुसराच रिसेप्टर येईल. त्यातला बीटा२ हा घटक ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा कॉलम कर, आणि प्रत्येक टप्प्यावर ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेल्या एपिबॅटिडिनने, म्हणजे या रिसेप्टरला घट्ट चिकटणाऱ्या रसायनाने, मोजत जा. मेंदूत हा रिसेप्टर चिमूटभरच असतो रे, कुठे सांडला ते त्याच दिवशी कळलं पाहिजे.