पळस, पांगारा की काटेसावर?

प्रश्न: आम्ही चारपाच जणी रविवारी सकाळी गोरेवाड्याकडे फिरायला जातो. सध्या झाडं बोडकी झालीत आणि जिकडेतिकडे लाल फुललंय, पण एक म्हणते पळस, दुसरी म्हणते पांगारा आणि मोबाइलचं अ‍ॅप तिसरंच नाव सांगतं. नेमकं ओळखायचं कसं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, लांबून काढलेल्या फोटोत नुसता रंग येतो, त्यावरून अ‍ॅपच काय, माणूसही चुकतो. मान वर करायच्या आधी खोड बघा. जाड, शंकूसारखे काटे असतील तर ती काटेसावर, जुन्या झाडाचे खालचे काटे झिजलेले असतात म्हणून फांद्याही बघायच्या. पांगाऱ्यालाही काटे असतात पण बारीक, काळपट. पळसाला काटे नाहीतच.

मग खाली पडलेलं फूल उचला. सावरीचं फूल हातात वजनदार लागतं, पाच जाड मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका, चितळं ही फुलं आवडीने खातात. पांगाऱ्याची एकच पाकळी मोठी, बाकीच्या अगदी लहान, आणि रंग भडक लाल.

पळसाचं फूल मात्र मला हातातून सोडवत नाही. केशरी पाकळ्यांवर रेशमासारखी बारीक लव, देठाजवळ काळपट चॉकलेटी मखमलीची वाटी, बोट फिरवून बघाच, आणि एक पाकळी अशी वाकलेली की हुबेहूब पोपटाची चोच, म्हणून तर संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे हा पोपट तर नाही ना!

नवी पालवी आल्यावर आणखी एक घोळ होतो. पळसाला पानं तीनच हे सगळ्यांना पाठ असतं, पण पांगाऱ्यालाही तीनच पानं असतात, फरक एवढाच की पळसाचं पान जाड, चामड्यासारखं आणि पांगाऱ्याचं पातळ. सावरीचं पान पंजासारखं, पाच ते सात पानांचं.

आणि कधी चुकून पिवळा पळस दिसला तर थांबून नीट बघा, तो असतो पण फार क्वचित, चोच आणि मखमली वाटी तीच, रंग तेवढा वेगळा. त्याची फुलं तोडू नका आणि कुणाला तोडू देऊ नका प्लीज, अंधश्रद्धेपायी लोक सालसुद्धा ओरबाडून नेतात हो.