सागरी मार्गावर मोटारसायकलने: वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की कोकणातला पाऊस पूर्ण सरलेला असतो, रस्ते कोरडे होतात आणि मित्रांच्या गटांत किनाऱ्याने मोटारसायकलवरून जाण्याचे बेत सुरू होतात. या महिन्यात त्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: आम्ही पाच मित्र डिसेंबरमध्ये पनवेलहून समुद्राच्या कडेने वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन चार दिवसांत परत येणार आहोत. एका मित्राने नकाशा पाहून रोज ३०० किलोमीटर असे वेळापत्रक आखले आहे. आमच्याकडे एक ३५० सीसीची बुलेट, तीन १५० सीसीच्या गाड्या आणि एक ११० सीसीची स्कूटर आहे. हे जमेल का?
एक वाचक, पनवेल

उत्तर: हे वेळापत्रक बदलावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. दिवसाला ३०० किलोमीटर हा हिशेब महामार्गावर चालतो, पण रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी मार्गाला तो लागू पडत नाही. वाडीतून, पोफळीच्या बागांच्या दगडी गडग्यांमधून, एखाद्या उघड्या सड्यावरून म्हणजे जांभ्याच्या पठारावरून जाणारे तुकडे एकमेकांना जोडून हा मार्ग झाला आहे आणि त्या तुकड्यांच्या मध्ये खाड्या आहेत. कुंडलिकेवर रेवदंड्याजवळ पूल आहे. मात्र त्यापुढे राजपुरीची खाडी आगरदांडा ते दिघी, सावित्रीची बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीची दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीची तवसाळ ते जयगड अशी फेरीबोटीने ओलांडावी लागते. प्रत्यक्ष पाण्यावर वेळ थोडाच जातो. पण बोट नुकतीच सुटलेली असली किंवा शनिवार-रविवारची गर्दी असली, तर धक्क्यावर पाऊण तास सहज जातो. शेवटची फेरी चुकली तर त्याहून अवघड होते. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचे म्हणजे दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालावा लागतो आणि तोही अंधारात. म्हणून प्रत्येक धक्क्यावरची शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे आदल्या मुक्कामी विचारून घ्यावे आणि त्या वेळेवरून उलट मोजत सकाळी निघण्याची वेळ ठरवावी.

थांबे आणि फेरीबोटी धरून या मार्गावर ताशी २५ ते ३० किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी गृहीत धरू नये. चार दिवसच हाती असतील, तर वेंगुर्ल्याचा हट्ट सोडावा आणि गुहागरपर्यंतचा किनारा नीट पाहावा. पहिल्या दिवशी अलिबाग, काशीद, मुरूड करून आगरदांड्याला खाडी ओलांडावी आणि दिवेआगरला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतला रस्ता न घेता आरावी आणि शेखाडीवरून जावे, कारण तिथे रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की सकाळच्या वेळी तिथून घाईने निघून जाणे म्हणजे या प्रवासातला सर्वांत सुंदर भाग गमावणे होय. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरीबोट, केळशी आणि संध्याकाळी आंजर्ले किंवा हर्णै. तिसऱ्या दिवशी दाभोळहून पलीकडे जाऊन गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. चौथ्या दिवशी गुहागरहून चिपळूणला यावे, ते सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि तिथून महामार्गाने दिवसाउजेडी पनवेल गाठावे. रत्नागिरीच्या खालचा किनारा, म्हणजे पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, हा पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. त्यालाही स्वतंत्र चार दिवस लागतातच.

तुमच्या गटाचा वेग स्कूटर ठरवील, हे निघण्याआधीच सर्वांनी मान्य करावे. स्कूटरची चाके लहान असल्यामुळे ज्या खड्ड्यातून बुलेट आरामात निघून जाते, त्याच खड्ड्यात तिचे पुढचे चाक जोराने आदळते. म्हणून स्कूटर रांगेत दुसरी असावी: पुढच्याला ती आरशात दिसत राहते आणि तिच्यामागचे आपोआप तिच्या वेगाने चालतात. तिची टाकीही लहान असते. किनाऱ्यावर पंप दूर दूर आहेत, तेव्हा टाकी निम्मी झाली आणि पंप दिसला की सर्वांनी एकदमच पेट्रोल भरावे.

फेरीबोटीवर गाडी चढवण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण नवख्या माणसाची गाडी बहुधा तिथेच पडते, म्हणून सांगतो. बोटीचा लोखंडी फळका ओला असतो, त्यावर माती आणि शेवाळ असते आणि खाली धक्क्याचा उतार असतो. ओहोटीच्या वेळी पाणी खाली गेल्याने हा उतार अधिक लांब आणि निसरडा होतो. मागे बसलेल्याने आधीच उतरून चालत जावे. गाडी पहिल्या गियरमध्ये एकसारख्या गतीने सरळ रेषेत न्यावी आणि लोखंडावर चाक असताना पुढचा ब्रेक दाबू नये, कारण पुढचे चाक एकदा घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. बोटीत साइड स्टँडवर गाडी लावल्यावर ती पहिल्या गियरमध्ये ठेवावी आणि पलीकडे पोहोचेपर्यंत तिच्याजवळ उभे राहावे.

रस्त्यावर मुख्य धोका वळणांचा आहे. केळशी आणि आंजर्ल्याच्या बाजूला चढ-उतार एकपदरी आहेत, गडग्यामुळे पलीकडचे दिसत नाही आणि समोरून एस.टी. आली तर कडेला उतरण्याइतकीही जागा कधी कधी नसते. वळणाआधी हॉर्न द्यावा आणि डावी बाजू सोडू नये. वळणाच्या कडेला जांभ्याची बारीक खडी आणि लाल माती साचलेली असते. नारळी-पोफळीच्या आगरातल्या दाट सावलीत डिसेंबरमध्येही सकाळी रस्ता दमट राहतो आणि रात्री पडलेली एखादी झावळ आडवी असते. असे दिसले की ब्रेक वळणात न लावता वळणाआधी लावून घ्यावा.

प्रश्न: आमच्या गटातला एक मित्र नेहमी सुसाट पुढे जातो. मागच्या वेळी शृंगारतळीच्या फाट्यावर तो थांबला नाही, फोनला रेंज नव्हती, आणि आम्ही दोघे वेळणेश्वरच्या वाटेला तर तो गुहागरला पोहोचला. त्यावरून मोठे भांडण झाले. मैत्री न तुटता त्याला कसे सांगावे?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पुढे निघून जाणे आणि धोकादायक चालवणे यांत फरक आहे. मोकळ्या सड्यावर, समोरचे दूरवर दिसत असताना कोणी थोडा वेगाने पुढे गेला आणि ठरलेल्या ठिकाणी थांबला, तर त्यात बिघडण्यासारखे काही नाही. सर्वांनी सतत एकमेकांच्या मागेच राहावे, हा आग्रहही दमवणारा असतो. पण जो वळणावर, समोरचे न दिसता ट्रक ओलांडतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. हे ऐकायला कठोर वाटेल, तरीही मी ते पूर्ण विचाराने लिहीत आहे. त्याच्यामागे राहिलेले नकळत त्याच्या बरोबरीला येण्यासाठी वेग वाढवतात आणि अपघात बहुधा त्यांनाच होतो.

फाट्यावरच्या गोंधळाला साधा उपाय आहे. पुढच्याची वाट शोधण्याची जबाबदारी मागच्यावर टाकू नये. प्रत्येकाने आपल्या लगेच मागे असलेल्याची जबाबदारी घ्यावी. मागच्याचा दिवा आरशातून दिसेनासा झाला की वेग कमी करावा, आणि वाट बदलत असेल तर मागचा येऊन दिसेपर्यंत त्या फाट्यावरून हलू नये. असे प्रत्येकाने केले तर साखळी कुठेच तुटत नाही आणि रेंज नसली तरी काही अडत नाही. सर्वांत मागे अनुभवी माणूस असावा, त्याच्याकडे पंक्चरचे किट आणि हवेचा पंप असावा, आणि त्याला मागे टाकून कोणी मुक्कामी पोहोचू नये. पुढचा थांबा कोणता, हे प्रत्येक वेळी गाड्या सुरू करण्याआधी नाव घेऊन ठरवावे. 'पुढे कुठेतरी चहाला थांबू' असे म्हणून निघू नये.

मित्राशी बोलायचे ते प्रवासाआधी, घरी आणि एकट्याने बोलावे. चारचौघांत, टपरीवर, राग ताजा असताना सांगितलेले कोणाच्याही मनाला लागते आणि मग तो ऐकण्याऐवजी स्वतःची बाजू सांगत बसतो. त्याला वेग कमी कर असे मोघम न सांगता 'फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांब' एवढी एकच गोष्ट मागावी. ज्याला खरोखर तुमच्यासोबत जायचे आहे, तो ती देईल. एरवी काही जण वेगाने चालवणाऱ्याला मुद्दाम सर्वांत मागे ठेवतात. मला ते योग्य वाटत नाही, कारण शिक्षा म्हणून मागे राहिलेला माणूस मागच्यांची काळजी घेत नाही.

प्रश्न: माझा २० वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तीन दिवसांसाठी मालवणला मोटारसायकलने जाणार आहे. सूर्योदय वाटेत पाहायचा म्हणून ते रात्री दोन वाजता निघणार आहेत. गाडी त्याच्या मित्राच्या भावाची आहे. मी त्याला अडवू इच्छित नाही, पण कशाकशाचा आग्रह धरावा?
एक आई, संगमेश्वर

उत्तर: तुम्ही त्याला अडवत नाही, हे मला फार योग्य वाटते, आणि म्हणूनच मोजक्या गोष्टींचा आग्रह तुम्ही ठामपणे धरू शकता. पहिला आग्रह रात्री न निघण्याचा. रात्री दोन ते पाच या वेळेत शरीर झोपेकडे ओढ घेते. चालवणाऱ्याला आपण पेंगत आहोत हे बऱ्याचदा कळतच नाही. रस्त्यावर मोकाट गुरे बसलेली असतात आणि समोरच्या डंपरच्या प्रखर दिव्यांत ती दिसत नाहीत. पहाटे उजाडता उजाडता निघावे. सूर्योदय म्हणाल, तर आपल्याकडे तो सह्याद्रीच्या बाजूने होतो. समुद्रावर पाहण्यासारखा असतो तो सूर्यास्त, आणि त्यासाठी कोणाला जागरण करावे लागत नाही.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही कायद्याने आवश्यक आहे. ते आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताक्षणी डोक्यावरून निघून जाते. मागे बसणाऱ्याला जुने, ढिले हेल्मेट देण्याची पद्धत सर्रास आहे. तुमचा मुलगा मागे बसणार असेल, तर त्याचे हेल्मेट घरूनच द्यावे.

गाडी दुसऱ्याची आहे, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विम्याच्या पॉलिसीत जे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते गाडीचा मालक स्वतः चालवत असतानाचे असते. मित्राच्या भावाची गाडी चालवणाऱ्या तुमच्या मुलाला ते मिळत नाही. त्यामुळे त्याच्या नावावर वेगळा अपघात विमा आहे का, हे पाहावे आणि नसेल तर तो काढावा. गाडीचे नोंदणीपत्र, चालू विमा, पीयूसी आणि त्याचा स्वतःचा परवाना डिजिलॉकरमध्ये असला तरी चालतो. मात्र फोनची बॅटरी संपू शकते, म्हणून छापील प्रतीही सोबत असाव्यात.

त्याच्या पाकिटात रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कोणाला अपघात झालाच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर फोन करावा, आणि जखमीचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये, कारण मानेला इजा असेल तर ती वाढते. अनोळखी जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, हेही या मुलांना माहीत असू द्यावे. दर तासाला फोन करायला मात्र सांगू नये. गाडी चालवताना खिशातला फोन वाजत राहणे हाच एक धोका आहे. मुक्कामी पोहोचल्यावर संध्याकाळी एक फोन, एवढे ठरवावे आणि रेंजमुळे तो थोडा उशिरा आला तर धीर धरावा.

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यावर वाळू घट्ट असते. ओहोटीच्या वेळी तिथे गाडी चालवून फोटो काढण्यास काय हरकत आहे? आणि खारी हवा लागल्यावर गाडीची काय काळजी घ्यावी?
एक वाचक, खेड

उत्तर: पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेऊ नये. ओहोटीत वरून घट्ट दिसणारी वाळू खाली पाण्याने भरलेली असते. गाडी थांबली की मागचे चाक रुतते आणि अधिक रेस दिल्यावर आणखी खोल जाते. तेवढ्यात भरती येते. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास उधाण. दिवसातून दोनदा हे घडते. दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. गुहागर, आंजर्ले, केळशी, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघतात तेव्हा चाकाची खोल चाकोरी त्यांना ओलांडता येत नाही, आणि वाळूखालचे घरटे तर वरून जाणाऱ्याला दिसतही नाही. गाडी सुरूच्या बनाजवळ लावावी आणि फोटो पायी जाऊन काढावेत.

खाऱ्या हवेचा त्रास चेन, स्पोक, नटबोल्ट आणि सायलेन्सरला होतो. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी साध्या गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या मधोमध मारू नये, कारण बेअरिंगमधले ग्रीस त्याने निघून जाते. चेन पूर्ण सुकल्यावर तिला चेनचे तेल द्यावे, तिचा ताण तपासावा आणि ब्रेक व क्लचच्या लिव्हरच्या खिळींना तेलाचा एकेक थेंब सोडावा. फेरीबोटीवर गाडीवर लाटेचे पाणी उडाले असेल, तर घरी पोहोचेपर्यंत न थांबता त्याच दिवशी मुक्कामाच्या गावी विहिरीच्या दोन बादल्या पाण्याने ती धुऊन घ्यावी.