एसी लावताच इंजिनाचे फेरे का घसरतात?

प्रश्न : माझी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. एसी बंद असताना सिग्नलवर आरपीएमचा काटा ८०० वर स्थिर असतो. एसी लावला की तो ५५० पर्यंत उतरतो, गाडी थरथरते आणि दोनदा तर भर चौकात बंद पडली. एका गॅरेजने कॉम्प्रेसर बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने स्क्रू फिरवून आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे फेरे) वाढवून देण्याची तयारी दाखवली. काय करावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तूर्त दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनावर ओझे टाकतो, हा त्याचा दोष नाही. ते ओझे पेलण्याची तयारी इंजिनाने आधी करायची असते. आपण बटण दाबल्यावर तो संदेश प्रथम ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे जातो; ईसीयू थोडी जादा हवा आत सोडतो, त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि मगच रिलेमार्फत कॉम्प्रेसरचा क्लच जोडतो. ‘टक्’ असा आवाज येतो, काटा क्षणभर डळमळतो आणि पूर्वीच्या जागी किंवा जरा वर स्थिरावतो. आपल्या गाडीत तो सावरत नाही, म्हणजे एकतर हवा पुरेशी वाढत नाही किंवा ओझेच प्रमाणाबाहेर आहे.

यांतले नेमके कोणते, हे घरीही बरेचसे कळते. इंजिन गरम झाल्यावर एसी बंद ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. एवढ्यानेही काटा घसरत असेल, तर एसी निर्दोष आहे, असे बहुधा समजावे. तेव्हा संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागावर घ्यावा. झडपेच्या कडेला काजळी साचली की हवेची फट अरुंद होते. एसी नसताना ती कशीबशी पुरते, ओझे आले की पुरत नाही. आपण दिलेल्या लक्षणांवरून मला हेच अधिक संभवते. सफाई इंजिन बंद असताना, क्लीनर फडक्यावर घेऊन करावी आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये. सफाईनंतर आयडलिंग काही काळ वरखाली होऊ शकते. अशा वेळी मेकॅनिककडून स्कॅनरवर आयडल लर्निंग (ईसीयूला आयडलिंगची हवा नव्याने शिकवणे) करून घ्यावे. जुने प्लग किंवा अशक्त कॉइल असेल, तरीही ओझ्याखाली मिसिंग (इंजिन अडखळणे) जाणवते. प्लग त्याच भेटीत पाहून घ्यावेत.

याउलट काटा फक्त एसीनेच घसरत असेल, आणि उभ्या गाडीत गारवा कमी होऊन रस्त्यावर वेग घेताच वाढत असेल, तर बॉनेट उघडून कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा फिरतो का ते पाहावे. पंखा बंद असला, जाळीत धूळ व किडे अडकले असले किंवा मागच्या उन्हाळ्यात कोणी गॅस अंदाजाने जास्त भरला असला, तर दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर ओढायला जड होतो. गॅस दाबाच्या मीटरवर तपासून, वजनाने भरून घ्यावा. कॉम्प्रेसरचे बेअरिंग खरोखर गेले असेल, तर बहुधा घरघर ऐकू येते. तशी तक्रार आपण लिहिलेली नाही.

स्क्रूविषयी एवढेच, की थ्रॉटलचा तो थांबा कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवल्यास ईसीयूचा हिशेब बिघडतो आणि मूळ काजळी तिथेच राहते.

सफाईनंतर काटा स्थिर राहूनही थरथर उरली, तर इंजिनाची फाउंडेशन रबरे चिरली आहेत का, ते पाहायला सांगावे.