मरियेची मूर्ती, पुतळा की प्रतिमा?

प्रश्न : बातम्यांत कधी 'मदर मेरीचा पुतळा' तर कधी 'मूर्ती' छापतात. बरोबर काय? 'प्रतिमा' चालेल का?

तिन्ही चालतात, पण सगळीकडे नाही. शब्दापुढे क्रियापद लावून पाहा. पुतळा उभारतात, त्याचे अनावरण करतात, आणि मोर्चात जाळतात तोही पुतळाच. मूर्ती बसवतात, सजवतात, मिरवतात. वेदीवरच्या मरियेला ही दुसरी क्रियापदे लागतात, म्हणून तिथे मूर्ती. चौथऱ्यावर उघड्यावर उभ्या असलेल्या मरियेला पुतळा म्हटले तर कानाला खटकत नाही.

तरी ख्रिस्ती मराठीत पुतळा वेदीजवळही भेटतो, आणि ती चूक मानू नये. मराठी बायबलच्या दहा आज्ञांत मनाई आहे ती 'कोरीव मूर्ती'ची. मूर्ती म्हटले की मागोमाग मूर्तिपूजा आलीच; ती टाळायला पुतळा बरा पडत असावा, असा माझा कयास. कोकणीची यातून सुटका आहे, तिच्याकडे पोर्तुगीजमधून आलेला 'इमाज' आहे.

खरी गफलत होते ती 'मरियेची पूजा' लिहिताना. सन 787 च्या निकिया धर्मसभेने स्पष्ट केले की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो आणि आराधना मात्र एका देवाचीच. म्हणून मरियेचा सन्मान, मरियेची भक्ती, तिच्याकडे मध्यस्थीची विनंती असे लिहावे. 'प्राणप्रतिष्ठा' तर नकोच. धर्मगुरू मूर्तीला आशीर्वाद देतात, बस.

आता प्रतिमा. मूर्ती ज्या 'मूर्च्छ्' धातूतून आली त्याचा एक अर्थ घट्ट होणे, आकार धरणे. सपाट फळीवरच्या चित्राला ती जड जाते. 'प्रति' अधिक 'मा' म्हणजे मापाबरहुकूम केलेले, ते चित्रालाही चालते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी ज्या मरियेची नोव्हेना नावाची प्रार्थना होते, ती अशी प्रतिमा. तिचे मूळ रोममध्ये, लाकडावर रंगवलेले. बाळ येशू क्रूस घेऊन आलेल्या देवदूताकडे मान वळवून पाहतो आहे, दोन्ही हातांनी आईचा हात धरला आहे आणि एका पायातली वहाण सुटून बंदावर लोंबते आहे. वरच्या कोपऱ्यांत चार ग्रीक अक्षरे आहेत : 'देवाची आई' या शब्दांचा संक्षेप. याला 'मेरीचे पेंटिंग' म्हणणे मला तोकडे वाटते. 'आयकॉन'ही नकोसा, कारण मराठीत तो आता क्रिकेटपटूंना नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरच्या चौकोनांना लागतो.

बोलीत मात्र हे तिन्ही शब्द गळून पडतात. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या, म्हणजेच मोत माउलीच्या, जत्रेला निघालेला माणूस 'मूर्तीला मेण वाहिलं' म्हणत नाही. मेणाचा पाय, मेणाचे घर, मेणाचे बाळ, जसा नवस तसे. आणि वाक्य एवढेच : 'मोत माउलीला वाहिलं.'