गिअरबॉक्समधलं ऑइल इतक्यात बदलू नका

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून दहा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. ट्रायलला काहीच जाणवलं नाही. नंतर ६०-७० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबला की रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर सुरू झाली. मेकॅनिकच्या सांगण्यावरून गिअरबॉक्समध्ये ऑइलचा गुण सुधारणाऱ्या अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतली. तीन आठवडे बरं गेलं, मग पुन्हा तेच. परवा डॅशबोर्डच्या खणात एका गॅरेजचं बिल सापडलं. माझ्या खरेदीच्या बारा दिवस आधीचं, डीलरच्या नावाचं, त्यावर 'थरथर – अ‍ॅडिटिव्ह टाकले'. डीलर म्हणतो, गाडी 'आहे त्या स्थितीत' विकली होती आणि बाटली ओतून तुम्हीच गिअरबॉक्स बिघडवला. मी काही करू शकते का?

उत्तर: करू शकता, आणि ते बिल हातात असताना नक्कीच करावं.

आधी डीलरचा दुसरा मुद्दा घेऊ, कारण तुम्ही त्यालाच जास्त घाबरलेल्या दिसता. अशी थरथर बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लचची असते; हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपत आली की क्लच सलग पकडत नाही. पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. अ‍ॅडिटिव्ह ती द्रव्यं थोडी भरून काढतं, म्हणून आराम पडतो. क्लचचं अस्तरच झिजलं किंवा जळलं असेल तर तो आराम काही आठवड्यांचाच. म्हणजे तुमच्या बाटलीआधी थरथर होती, म्हणून तर बाटली आणली. त्याच्या बिलातही औषध तेच आणि आजारही तोच. तुम्ही बाटली ओतलीत हे मात्र लपवू नका. तक्रारीत तारखेसह स्वतःहून लिहा, उलटतपासणीत बाहेर आलं तर फार महाग पडतं.

आता 'आहे त्या स्थितीत'. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये 'ग्राहकाने पाहून घ्यावे' हे तत्त्व आहे, पण त्याला अपवादही तिथेच आहेत. व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे, आणि तुम्ही माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष तुमच्या माथी येतात. बारा दिवसांपूर्वी दाबून टाकलेली थरथर वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये कुणाला दिसणार? शिवाय माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवणूक आहे. अ‍ॅडिटिव्ह टाकणं हा गुन्हा नव्हे, तो एक रीतसर उपाय आहे. ते टाकून गप्प राहून विकणं, यावर आपली केस उभी आहे. खरेदीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर 'गिअरबॉक्सचं काही काम आहे का?' असं विचारलं होतंत का, ते आजच शोधा. त्यावर 'नाही' असं उत्तर असेल तर बिलाइतकाच तो मेसेज मोलाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑइल बदलू नका, दुसरी बाटली ओतू नका. माझ्या एका अशिलाने नोटीस पाठवण्याआधीच हौसेने ऑइल फ्लश करून घेतलं, म्हणजे जुनं सगळं काढून नवं भरलं. मग दोष कुठला आणि कधीचा, हे दाखवायला काहीच उरलं नाही. तुम्ही दुसऱ्या, संबंध नसलेल्या वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या. याच क्लचचा बिघाड दाखवणारा पी०७४१ सारखा कोड आला तर त्याची प्रिंट, ओडोमीटरचा फोटो, ऑइलचा रंग व वास यांची लेखी नोंद घ्या. ऑइल लाल आहे की काळपट, जळका वास येतो का, एवढं तरी लिहून सहीशिक्का घ्या. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी ग्राहक आयोगापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली करता येते.

त्यानंतर डीलरला स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस. दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात चालते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, आणि गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षं. गाडी धंद्यासाठी घेतली नसावी, एवढं बघा. पावती डीलरच्या नावाची आहे की जुन्या मालकाच्या, तेही बघा. मालकाच्या नावाची असेल तर दोघांनाही पक्षकार करू.

मागणी काय करायची? गाडी परत करून सगळे पैसे मागावेत असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण चार महिने गाडी चालवलीत, दोष कळल्यावरही. करार मोडायचा असेल तर तो लगेच मोडावा लागतो, त्यामुळे इथे ती मागणी कमजोर पडेल. मी मुख्य मागणी टॉर्क कन्व्हर्टरच्या दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई अशी ठेवेन, परताव्याची मागणी पर्यायी.

त्या बिलाची मूळ प्रत घरी ठेवा, डीलरला फक्त झेरॉक्स. आणि तुमच्या मेकॅनिककडे ती रिकामी बाटली अजून पडली असेल तर मागून घ्या.